बारा आठवड्यांत ‘लीन मसल’: कर्वेनगरच्या एका जिमचं पॅकेज, आतून पाहिलेलं

आधी चांगलं ते सांगून टाकतो, नाहीतर पैसे गेले म्हणून बोंब मारतोय असं वाटायचं. जिम कर्वेनगरात आहे, मुख्य रस्ता सोडून आत. खाली फर्निचरचं दुकान, वर दोन मजले. नाव मुद्दाम लिहीत नाही. असाच फ्लेक्स, असंच पॅकेज आणि असंच बोलणं वारज्यापासून खराडीपर्यंत कुठंही भेटेल. नाव वाचून ‘आपली जिम नाही बुवा’ म्हणत कुणी पुढं सरकू नये.

मशिनरी एक नंबर. स्क्वॉटचे तीन रॅक, डेडलिफ्टसाठी रबराचा वेगळा कट्टा, साडेबावीस किलोचे डंबेलही जोडीनं जागेवर. मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. ती सवय संध्याकाळी सुटत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात २० किलोची प्लेट उचलून त्यांच्याच वजनकाट्यावर ठेवली. १९.८ भरली. दुसरी १९.९. याआधी ज्या जिमला जायचो तिथं कडेचं रबर निघालेली प्लेट १८ भरली होती आणि मालक म्हणाले होते, ‘घाम गाळा साहेब, वजन कशाला मोजता?’ तेव्हा इथं पहिल्याच तपासणीत मन भरलं.

बाथरूम स्वच्छ, एसी चालू, पाण्याचा फिल्टर चालू. गाणी तीच ती पंजाबी, पण ती आता सगळीकडंच असतात. संध्याकाळी सात ते नऊ हिंजवडीवरून सुटलेले आयटीवाले आणि इंजिनिअरिंगची पोरं यांची एवढी गर्दी, की बेंचसाठी ‘किती सेट राहिले?’ विचारत उभं राहावं लागतं. सकाळची बॅच निवांत. त्यात दोन काकू आहेत, साडीवर येतात, आत बदलतात आणि माझ्यापेक्षा व्यवस्थित डेडलिफ्ट मारतात.

आता पॅकेज. वर्षाच्या मेंबरशिपवर आणखी ३४ हजार. त्यात बारा आठवडे पर्सनल ट्रेनर, डाएट चार्ट आणि दर पंधरा दिवसांनी बॉडी कंपोझिशनची चाचणी. जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स: ‘१२ आठवडे! फॅट १० किलो मायनस, मसल ५ किलो प्लस!’ खाली आधी-नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत ट्यूबलाइट आणि पडलेला चेहरा. नंतरच्यात वरून एकच दिवा, अंगाला तेल, छाती फुगवलेली. हे सगळे करतात, त्याबद्दल तक्रार नाही. फ्लेक्सवरचे ते दोन आकडे मात्र लक्षात ठेवा, पुढं लागतील.

मी घेतलं कारण माझं शरीर नेमकं त्या गिऱ्हाइकातलं. वय ३३, उंची १७२, वजन ७१. शर्टात बारीक दिसतो. शर्ट काढला की दंड काडीसारखे आणि पोट मात्र पुढं, कंबर ९२ सेंटिमीटर. नातेवाईक म्हणतात ‘अरे खात जा जरा’, आणि बायको म्हणते ‘पोट बघ जरा’. दोघंही बरोबर.

पुण्यात राहून हे रडगाणं गाताना एक गोष्ट माहीत असायला हवी. बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबी बाळगणाऱ्या भारतीय शरीरावरचं मोठं काम आपल्याच गावात, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात झालंय. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःच्याच शरीराचा फोटो देऊन मुद्दा मांडणारा डॉक्टर मला फार आवडला. माझा बीएमआय २४. काटा खाली आणून माझं काम होणार नव्हतं, कारण आहे तेवढा स्नायूही गेला तर मागं फक्त लहान पोट उरतं. चरबी उतरायला हवी आणि त्याच वेळी मांस चढायला हवं. जिमवाले याला ‘लीन’ म्हणतात.

चाचणीच्या मशिनपासून सुरुवात करतो, कारण माझा धंदाच तो. अनवाणी त्यावर उभं राहायचं, दोन दांडे धरायचे. मशिन अंगातून अगदी क्षीण वीज सोडतं. स्नायूत पाणी भरपूर, त्यातून ती सहज जाते, चरबीत अडते. त्या अडथळ्यावरून उंची, वय वगैरे घालून मशिन हिशोब करतं आणि रंगीत कागद बाहेर येतो. म्हणजे ते स्नायू मोजत नाही, पाण्यावरून अंदाज बांधतं. कंपनीत नवीन गेज आलं की एकच पार्ट त्याच्यावर पुन्हा पुन्हा मोजून आधी गेजचीच परीक्षा घेतो. इथंही तेच केलं. पहिल्यांदा उभा राहिलो: स्नायू ३०.१ किलो, चरबी २४.६ टक्के. खाली जाऊन बाटलीभर पाणी प्यायलो, वर आलो, पुन्हा उभा राहिलो: स्नायू ३०.९. जिना चढता-उतरता आठशे ग्रॅम मांस कमावलं, तेही पर्सनल ट्रेनरशिवाय. हे मी ट्रेनरला दाखवलं तर तो मनापासून हसला आणि म्हणाला, ‘सर, म्हणून तर आम्ही दुसरी चाचणी वर्कआऊटनंतर घेतो.’ यावर काय बोलणार! मशिन वाईट नाही. रोज सकाळी, उपाशीपोटी, पाणी न पिता, एकाच वेळेला घ्या, तर दोन-तीन महिन्यांचा कल बऱ्यापैकी कळतो. नाहीतर शिंप्याची टेप आणि बेंबीपाशी मोजलेली कंबर. दहा रुपयांत काम होतं.

डाएट चार्ट झेरॉक्स होता. माझं नाव पेनानं लिहिलेलं, त्याखाली आधीच्या कुणाचं तरी पुसट दिसत होतं. सकाळी ओट्स, अकरा वाजता ग्रिल्ड फिश, दुपारी ब्राऊन राइस आणि ब्रोकोली. अकरा वाजता मी शॉप फ्लोअरवर असतो, तिथं मासा भाजायला बसलो तर सेफ्टीवाले उचलून नेतील. चार्ट फ्रिजवर लावला आणि हिशोब स्वतः केला. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या पाहणीत असं निघालं, की वजनं उचलणाऱ्याला दिवसाला दर किलो वजनामागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीनपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढं घालून फारसं हाती लागत नाही. माझे झाले ११४ ग्रॅम. चार अंडी म्हणजे २४. अर्धा लिटर दूध १६. शंभर ग्रॅम पनीर १८. सोयाबीनच्या कोरड्या वड्या पन्नास ग्रॅम म्हणजे २६, आणि त्यांचा कांदा-खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा बायको असा करते की कंपनीत डबा उघडला की दोन जण वाटी घेऊन येतात. वर व्हेचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरचा, एक स्कूप २४. झाले १०८, आणि आमटी, उसळ, पोळ्या यांचं वेगळंच. संकष्टीला अंडी बंद, त्या दिवशी पनीर वाढतं. चार्टमध्ये चहाला फुली होती. चहा सोडला नाही, साखर सोडली. खारी मात्र सुटता सुटेना.

व्हेवरून आठवलं. रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात डबे विकायला ठेवलेत आणि ट्रेनरना त्यावर कमिशन असतं. उघड गुपित. एक डबा हातात घेऊन मी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी परवाना नंबर आणि आयात करणाऱ्याचं स्टिकर शोधत बसलो, तर रिसेप्शनवरची मुलगी अस्वस्थ झाली. २०२४ साली भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन पावडरं तपासून एक अभ्यास छापून आला होता. त्यातल्या २५ डब्यांत लेबलवर लिहिल्यापेक्षा प्रोटीन कमी निघालं. तेव्हा बसू दे की अस्वस्थ. मी बाहेरून, पक्क्या बिलावर घेतो. त्याच्याशेजारचे ‘टेस्टो बूस्टर’चे डबे तर हातातही घेऊ नका. क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढं एकच कामाचं, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम. स्वस्त आहे, त्यावर भरपूर काम झालंय, आणि बहुधा त्यात कमिशनही कमी असावं, कारण ट्रेनरनं त्याचं नाव स्वतःहून कधी काढलं नाही.

ट्रेनरबद्दल वाईट लिहायला जिवावर येतं. कराडकडचा पोरगा, पंचविशीतला. नजर तयार. माझा उजवा खांदा बेंचला वर येतो हे त्यानं पहिल्या सेटला पकडलं. स्क्वॉटला टाच उचलली जायची, तर त्यानं टाचेखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा सरकवल्या आणि महिनाभर घोट्याचे व्यायाम करून घेतल्यावरच काढल्या. फोन बघत उभा राहणारा ट्रेनर हा नाही. पगार किती असं विचारलं तर हसून टाळायचा, पण रोज सकाळी पाच ते रात्री दहा मधली झोप तो जिमच्याच मॅटवर काढतो, यावरून काय ते समजा.

पॅकेजच्या मध्यावर माझं वजन उतरायला लागलं, कंबर घटली, पण दंड तेवढेच. त्यानं फोटो काढला, मोबाइलवर आधीच्या शेजारी ठेवला आणि मान हलवली. ‘सर, नॅचरलला एवढंच येतं. फ्लेक्ससारखा रिझल्ट पाहिजे असंल तर थोडा सपोर्ट लागंल.’ नॅचरल म्हणजे औषध न घेणारा. सपोर्ट म्हणजे काय, हेही मला कळत होतं. तरी विचारलं. मग तो लॉकरच्या कोपऱ्यात घेऊन गेला आणि कमरेच्या पाऊचमधून दहा मिलीच्या दोन बाटल्या आणि झिपच्या पिशवीतल्या गोळ्या काढल्या. टेस्टो, डेका आणि डी-बॉल. तिन्ही स्टेरॉइडं: टेस्टो म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन, आणि बाकीची दोन त्याचीच भावंडं. ‘बिगिनर कोर्स. सगळे घेतात, सर. बोलत नाहीत एवढंच.’ किंमत पॅकेजच्या निम्मी.

बाटल्या मी हातात घेतल्या. सवय. दोन वेगळी औषधं, दोघांवर बॅच नंबर एकच. एकाच्या लेबलवर टेस्टोस्टेरॉनच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ई’ गायब. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त एका युरोपी देशाचा झेंडा. अॅल्युमिनियमची टोपी एका बाजूला नीट दाबली गेलेली नव्हती. नखाला कडा लागत होती, आणि टोपी बाटलीवर अंगठ्यानं फिरत होती. उजेडात धरली तर तेलात एक बारीक तंतू तरंगत होता. इनकमिंग इन्स्पेक्शनला असा लॉट आला असता तर लाल टॅग लावून त्याच टेम्पोतून परत पाठवला असता, आणि तो तर साधा ब्रॅकेट असतो, कुणाच्या कुल्ल्यात टोचायचा नसतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा कमरेच्या पाऊचमध्ये असलीच येणार.

‘विचार करतो’ म्हणालो, आणि खरंच केला. यात बढाई नाही. आरशासमोर शर्ट काढून उभा राहिलेल्या कुठल्याही माणसानं केला असता.

पहिली गोष्ट, ही औषधं काम करतात. ‘काही होत नाही, फक्त पाणी भरतं’ असं म्हणणारे काका चूक आहेत. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक प्रयोग आहे. वजनं उचलायचा अनुभव असलेले ४३ पुरुष, चार गट, १० आठवडे. काहींना टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा, काहींना नुसतंच खोटं इंजेक्शन. त्यात निम्मे व्यायाम करणारे, निम्मे न करणारे. फक्त व्यायाम केलेल्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलोनं वाढलं. व्यायाम न करता फक्त औषध घेतलेल्यांचं ३.२ किलोनं. होय, बसून. आणि दोन्ही केलेल्यांचं ६.१ किलोनं. आता फ्लेक्स आठवा. बारा आठवड्यांत मसल ५ किलो प्लस, तेही १० किलो चरबी उतरवताना, म्हणजे पोटाला चिमटा काढून. हा आकडा व्यायामाच्या रकान्यात कुठंच बसत नाही, औषधाच्या रकान्यात बसतो. चरबीचंही तसंच. स्नायू राखून उतरवायचं तर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा शहाणा वेग, माझ्यासाठी साडेतीनशे ते सातशे ग्रॅम. बारा आठवड्यांचे फार ताणून आठ किलो होतात. म्हणजे ३४ हजारांत जे विकलं जातं ते सुईशिवाय मिळणारच नसतं, आणि मधेच ‘सपोर्ट’ निघणार हे फ्लेक्स छापला तेव्हाच ठरलेलं असतं. माझा राग आहे तो यावर.

आणि त्या प्रयोगातल्या लोकांचं औषध खरं होतं, रक्त वेळोवेळी तपासलं जात होतं, डॉक्टर समोर होते. इथं लॉकरचा कोपरा.

दुसरी गोष्ट आमच्या घरची. लग्नाला तीन वर्षं झाली, मुलाचा विचार चालू आहे. फॅमिली डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी मला आधी पाणी विचारलं, मग कागद ओढून चित्र काढलं. मेंदूकडून अंडकोषाला हुकूम जातो, ‘टेस्टोस्टेरॉन बनव, शुक्राणू बनव.’ रक्तात ते पुरेसं दिसलं की हुकूम कमी होतो. आमच्या सोसायटीच्या टाकीत जसा फ्लोट आहे: टँकरनं वरून टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि खालचा पंप बंद पडतो. बाहेरून टोचत राहिलात की पंप महिनोन्महिने बंद. अंडकोष आक्रसतात, शुक्राणू घटतात, काहींचे शून्यावर येतात. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची आठवड्याची इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, १९९० साली ते छापून आलंय. म्हणजे मी मुलासाठी प्रयत्न करताना पदरचे पैसे घालून गर्भनिरोधक टोचून घ्यायचं. बंद केल्यावर पंप बहुतेकांचा सुरू होतो, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर, आणि मधल्या काळात अंगात जोर नाही, मन उदास, कमावलेलं मांस ओसरतं. ट्रेनर यावर ‘पीसीटी करू ना सर’ म्हणतो, म्हणजे कोर्स संपल्यावर पंप परत सुरू करायच्या गोळ्या, जणू गाडीची सर्व्हिसिंग. डॉक्टर म्हणाले, ‘त्या गोळ्यांनीही परत येईलच अशी सही मी देणार नाही.’

तिसरी गोष्ट बाबांची. त्यांची अँजिओप्लास्टी ५४व्या वर्षी झाली. स्टेरॉइडनं चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, वाईट वर जातं, रक्त दाट होतं, दाब वाढतो. २०१७ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात वजनं उचलणाऱ्या १४० पुरुषांची तुलना आली होती. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांचं हृदय दर ठोक्याला सरासरी ५२ टक्के रक्त बाहेर ढकलत होतं, न घेतलेल्यांचं ६३ टक्के. आकडा वाचून मी बाबांचा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट कपाटातून काढला. गोळ्यांचं आणखी वेगळं: पोटातून घेताना टिकाव म्हणून त्यांच्या रचनेत जो बदल केलेला असतो, त्याचा मार लिव्हरवर पडतो. डी-बॉल त्यातलीच, १९५८ साली अमेरिकेत बाजारात आलेली. ‘विन्नी’ही त्यातलीच, म्हणजे स्टॅनोझोलोल, जिच्यापायी १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्ण गेलं.

आमच्या सकाळच्या बॅचला एक जण आहे, जिल्हा पातळीवर स्पर्धेला उतरतो. घेतो, आणि लपवत नाही. त्याला विचारलं. त्यानं टी-शर्ट वर करून पाठ दाखवली, खांद्यापासून कमरेपर्यंत लालबुंद फोड. छातीत गाठी आल्या होत्या, त्या ऑपरेशननं काढाव्या लागल्या. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात बायकांच्या हार्मोनमध्ये बदलतो, त्यातून. दर दोन महिन्यांनी रक्त तपासतो, खर्च सगळा खिशातून. म्हणाला, ‘दादा, मला स्टेजवर जायचंय, म्हणून मी करतो. तुम्हाला कुठं जायचंय? गोव्याला?’ ट्रेनरपेक्षा हा मला खरा वाटला. पुढं त्यानंच सांगितलं की सुईच्या नावाखाली आता मेफेंटरमाइनही फिरतं. ते स्टेरॉइडच नाही. भूल दिल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर दाब घसरला तर चढवायचं ते औषध. पोरं ते व्यायामाआधी शिरेत घेतात. पुण्यात याच्या बाटल्यांसह माणसं पकडल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यात.

मला नाही म्हणायला शेवटी एक साधा हिशोब पुरला. चरबी वगळून उरणारं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा आकडा १९९५च्या एका अभ्यासात स्टेरॉइड न घेणाऱ्या खेळाडूंमध्ये साधारण २५च्या आत थांबलेला दिसला. माझा येतो १८. माझ्या उंचीला २५ म्हणजे ७४ किलो, माझ्याकडं जेमतेम ५४ आहेत. २५ला मी या जन्मात पोचणार नाही, २२ला पोचलो तरी शर्टाचं माप बदलेल. नॅचरलची मर्यादा आली असं सांगून ज्याला सुई विकली जात होती, त्याची अर्धी वाटही चालून झालेली नव्हती. ट्रेनरला हे कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. ‘तुमचं बरोबर आहे सर,’ म्हणाला, ‘पण बारा आठवड्यांत नाय ना बसत.’

पॅकेज सुईशिवाय पूर्ण केलं. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या चाचणीत वजन ६८.४, कंबर ८७, स्नायूंचा आकडा किलोभर वर. स्क्वॉट ६० वरून ८५ वर. दंडाला टेप लावली तर एक सेंटिमीटर वाढ, आणि पँटला पट्टा लागायला लागला. फ्लेक्सवर माझा फोटो लागणार नाही, त्यांनी मागितलाही नाही.

मॅनेजरला भेटून पाऊचबद्दल सांगितलं. उत्तर: ‘ही आमची पॉलिसी नाही, ट्रेनर पर्सनल लेव्हलला काय करतात ते आम्हाला माहीत नसतं.’ मी म्हटलं, मग फ्लेक्सवरचा आकडा कुणाच्या लेव्हलला छापला? त्यावर त्यांनी चहा मागवला. पैसे परत मिळाले नाहीत. दोन महिने मेंबरशिप वाढवून दिली. ट्रेनर अजून तिथंच आहे, स्क्वॉट अजून तितकाच छान शिकवतो. पाऊच मात्र आता कमरेला दिसत नाही, लॉकरमध्ये असावं.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: वर्षाची मेंबरशिप घ्या, मशिनरी आणि प्लेटांसाठी पैसे वसूल आहेत. पॅकेज घेऊ नका. ट्रेनर लागलाच तर महिन्याच्या हिशोबानं घ्या, फॉर्म शिका आणि सोडा. मी पाचपैकी तीन देतो, तिन्ही मशिनरीचे आणि त्या काकूंच्या डेडलिफ्टचे. सकाळी साडेपाच ते सात या वेळात रॅक हमखास मिळतो. दुचाकी फर्निचरवाल्याच्या दारात लावू नका, तो हवा सोडतो.